फुग्याच्या अक्कलदाढेचं म्हणणं

मित्रांनो, आपलं आत्मवृत्त सांगणाऱ्या मंडळींच्या नावावर बहुतेक वेळा काहीतरी कर्तबगारी असते. फाटकी छत्री म्हणते, मी पाऊस अंगावर घेतला. गंजलेली सायकल म्हणते, मी तीन भावंडांना शाळेत पोहोचवलं. मी एक जुनी अक्कलदाढ आहे आणि मी आयुष्यात एक शेंगदाणासुद्धा चावलेला नाही. तरी ऐका. ज्यांना काम नसतं, त्यांना बघायला वेळ भरपूर मिळतो.

माझा जन्म खालच्या जबड्यात डाव्या बाजूला, अगदी टोकाच्या खोलीत झाला. ज्याच्या जबड्यात झाला तो तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याचे दुधाचे दात पडत होते आणि त्या पडलेल्या दातांचं घरात कौतुक चाललं होतं. मी हाडाच्या आत अंधारात, माझी मी, एकेक थर चढवत होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. पडणाऱ्याचं कौतुक आणि घडणाऱ्याकडे पाठ, हा अनुभव मला इतक्या लहान वयात आला.

तो एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा मी वर यायला निघाले. बघते तर सगळ्या जागा भरलेल्या. माझ्याबरोबरच्या तिघी अक्कलदाढा आपापल्या कोपऱ्यात सरळ उभ्या राहिल्या होत्या. माझ्या वाट्याला अर्ध्या दाताची जागा आली. मग मी आडवी झाले. याला लोक आडमुठेपणा म्हणतात. बसायला पाट न मांडता तुम्हाला कुणी जेवायला बोलावलं असतं, तर तुम्हीही आडवेच झाला असता.

माझं डोकं शेजारच्या दाढेच्या कमरेत घुसलं. ती बिचारी तो बारा वर्षांचा असल्यापासून दळत होती. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून मीच तिच्या वतीने केली. वर्षातून दोनदा मी अशी ठणकायचे, की माझ्या मालकाला आपल्याला कान, गाल आणि मान आहे याची एकदमच आठवण व्हायची.

आता त्या मालकाबद्दल सांगते. त्याला सगळे फुग्या म्हणत. तो काचेच्या कारखान्यात कामाला होता. त्या कारखान्यात कॉलेजांच्या आणि दवाखान्यांच्या प्रयोगशाळांसाठी परीक्षानळ्या, चंबू आणि असल्या नाजूक वस्तू बनत. लांबलचक शेड, त्यात ओळीने बर्नर, प्रत्येक बर्नरमागे एक माणूस आणि प्रत्येक माणसाच्या तोंडात एक रबरी नळी. नळीचं दुसरं टोक काचेला जोडलेलं. काच ज्योतीत तापवून मऊ करायची, हाताने फिरवत राहायची आणि तोंडाने बेताबेताने फुंकायचं. जरा जास्त फुंकलं की फुगा, जरा कमी पडलं की चपाती. आमच्या मालकाचे गाल फुंकताना टम्म व्हायचे, म्हणून तो फुग्या.

हे नाव त्याला काकांनी दिलं. काका म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. शेडच्या टोकाला मोठा बर्नर होता, तिथे ते बसत. अवघड वस्तू फक्त तिथेच बनायच्या. फुग्याला त्यांनी आठ वर्षं हाताखाली घेऊन शिकवलं होतं. फुग्याला वडील नव्हते, थोरली बहीण होती. त्यामुळे वडिलांना जे जे विचारायचं असतं, ते सगळं तो काकांना विचारायचा. बूट कुठले घेऊ, इथपासून.

त्या कारखान्याची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथे कुणाचा दात दुखला, ओठ फुटला, तोंड आलं, तर त्याला बर्नरवरून उठवून पॅकिंगला पाठवत. भुशाच्या खोक्यात चंबू भरायचं काम. पॅकिंगला गेलेला माणूस परत बर्नरवर बसल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांत त्या कारखान्यात एकाही माणसाचं तोंड आलेलं नव्हतं. कंबर मात्र सगळ्यांची दुखायची. कुणी रजा मागितली की कंबर. कारखान्याच्या मालकीणबाईंना वाटायचं, खुर्च्याच वाईट आहेत. त्यांनी दोनदा खुर्च्या बदलल्या.

काका निवृत्त होणार असं ठरलं. मोठ्या बर्नरची खुर्ची रिकामी होणार होती. तिच्यावर बसण्यासारखी माणसं दोनच. एक फुग्या आणि दुसरा काकांचा जावई. जावई मनाने चांगला, हाताने बेताचा. मोठ्या ज्योतीजवळ तो असा उभा राहायचा, जशी माणसं दुसऱ्याच्या कुत्र्याजवळ उभी राहतात.

मालकीणबाईंनी परीक्षा ठेवली. एका मोठ्या प्रयोगशाळेला वाफ थंड करायच्या नळ्या हव्या होत्या. बाहेर जाड नळी आणि तिच्या आत काचेचीच, स्प्रिंगसारखी गुंडाळी. मालकीणबाई म्हणाल्या, "एक चांगली कोणीही करतं. मला तीन सारख्या करून दाखवा. पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी आणि शनिवारी. ज्याच्या तीन सारख्या, त्याची खुर्ची."

फुग्या हे काम डोळे मिटून करायचा. जावई डोळे मिटायचा, पण काम व्हायचं नाही. निकाल जवळजवळ लागलेलाच होता.

मित्रांनो, मी नेमकी तेव्हाच सुजले. खोटं कशाला बोलू. माझ्या कडेला अन्न अडकलं होतं, हिरडी पिकली आणि फुग्याचं तोंड एका बोटाएवढंच उघडायला लागलं. एवढ्या तोंडात नळीही नीट बसेना. त्याने लवंगेचं तेल लावलं, मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या, मला शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी ताईने त्याचं मनगट धरलं आणि दातांच्या डॉक्टरांकडे नेऊन बसवलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि नीटनेटक्या होत्या. त्यांनी माझा एक्स-रे काढला. आयुष्यातला पहिला फोटो, आणि त्यात मी आडवी. त्या म्हणाल्या, "ही काढावीच लागेल. आधी सूज उतरू दे, मग सोमवारी काढू. काम काय करता?"

"काचेचं," फुग्या म्हणाला. मोठ्या तोंडाने सांगायची सोय नव्हती आणि सवयही नव्हती. फुंकतो, हा शब्द दात दुखत असताना उच्चारायचाच नाही, ही कारखान्याची रीत त्याच्या जिभेत मुरलेली होती.

"खिडक्यांचं का? जड उचलू नका मग दोन दिवस," असं म्हणून बाईंनी लिहून घेतलं.

सोमवारी मला काढलं. सुया टोचल्या, अर्धा ओठ बधिर झाला, हिरडी कापली, हाड थोडं कोरलं. मी सरळ निघेना, म्हणून माझे दोन तुकडे केले. हे आत्मवृत्त मोठा तुकडा सांगतो आहे. लहान तुकड्याचं म्हणणं वेगळंही असेल, पण तो कचऱ्याच्या डब्यात गेला. मग टाके घातले आणि माझ्या जागेवर कापसाचा बोळा ठेवून बाई म्हणाल्या, "चावून धरा घट्ट." मला जन्मभर काही चावायला मिळालं नाही. मी गेल्याच्या पहिल्या मिनिटाला माझ्या जागी बोळ्याला काम मिळालं.

फुग्याने मला मागून घेतलं. बाईंनी एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत घालून दिलं. सोबत एक छापील कागद दिला. ताईने घरी आल्याबरोबर तो फ्रिजवर चिकटवला आणि मला फ्रिजच्या वर ठेवलं. कागदावर लिहिलं होतं: थुंकू नये. स्ट्रॉने पिऊ नये. सिगारेट ओढू नये. गरम खाऊ नये. पहिल्या दिवशी चूळ भरू नये. कारण असं, की दाढ निघालेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. ती गुठळी म्हणजे जखमेचं झाकण. ती ओढली गेली किंवा उडाली, की खाली हाड उघडं.

ताई शिवणकाम करायची, कागदावरच्या मापापलीकडे एक टाका इकडेतिकडे करायची नाही. तिने घरातल्या स्ट्रॉ शेजारच्या घरी नेऊन ठेवल्या. फुग्या कोमट भाताची पेज पिताना जरा सुर्र आवाज आला तरी ती मशीन थांबवायची.

"ओढलंस?"

"नाही."

"आवाज आला."

"खुर्चीचा होता."

"ही खुर्ची काय पेज पिते?"

कारखान्यात त्याने मधमाशी चावल्याचं कळवलं होतं आणि चार दिवस घरी राहिला होता. मालकीणबाईंनी फोनवर विचारलं, "मधमाशीला चार दिवस?" फुग्या म्हणाला, "मोठी होती." दुसऱ्या दिवशी त्याचा गाल खरोखरच एवढा सुजला, की मधमाशीवर त्याचाही विश्वास बसला. बर्फाची पिशवी गालाला लावून तो आरशासमोर तोंड उघडायचा आणि बॅटरीचा उजेड टाकायचा. तेव्हा मला फ्रिजवरून माझी खोली दिसायची. आत ती गुठळी बसली होती. काळपट, मऊ, दिसायला काहीच नाही. पहिल्यांदा मला तिचा राग आला. माझ्या खोलीत इतक्या लवकर भाडेकरू ठेवला म्हणून. मग लक्षात आलं, की मी बारा वर्षांत जे केलं नव्हतं ते ती करत होती. ती काम करत होती.

बुधवारी दुपारी काका आले. ताई कपडे पोहोचवायला गेली होती. काकांना मात्र फुग्याने खरं सांगितलं होतं. सगळ्या कारखान्यात फक्त त्यांना.

काका खुर्चीवर बसले, फ्रिजवरचा कागद त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. मग चष्मा खिशात ठेवला.

"काका," फुग्या म्हणाला, "शुक्रवारी फुंकलं तर चालेल ना?"

काकांनी पुन्हा कागदाकडे बघितलं. मी डबीतून त्यांचा चेहरा बघत होते. जीभ त्यांनी त्यांच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नेली. तिथे खड्डा बुजल्यावर राहते तशी नुसती गुळगुळीत हिरडी होती. असल्या गोष्टी आम्हाला लांबून कळतात.

"डॉक्टरांनी काय सांगितलं?" काका म्हणाले.

"स्ट्रॉ नको, थुंकायचं नाही, सिगारेट नको."

"फुंकू नको म्हणाल्या?"

"तसं नाही म्हणाल्या."

"कागदावर आहे?"

"नाही."

"मग झालं तर," काका म्हणाले आणि उठले. दारात चप्पल घालताना म्हणाले, "विश्रांती घे चांगली. गाल नको वापरू, पोटातून फुंक."

मित्रांनो, बारा वर्षं मी त्या तोंडात होते. गरज नसताना ठणकले. परीक्षेच्या आदल्या दिवशी ठणकले, मित्राच्या साखरपुड्यात ठणकले, एकदा तर नुसता वारा आला म्हणून ठणकले. आणि जेव्हा एकदाच, फक्त एकदाच ओरडायची वेळ आली, तेव्हा मी फ्रिजवर होते.

संध्याकाळी ताईने विचारलं, "ती नळी फुंकायची चालते का, हे विचारलंस डॉक्टरबाईंना?"

"काकांना विचारलं."

"काका काय दातांचे डॉक्टर आहेत?"

"काका चाळीस वर्षं फुंकतायत, ताई."

ताईने मशीन पुन्हा सुरू केलं. उत्तर माझ्याकडे होतं.

शुक्रवारी तो कामावर गेला. मी डबीसकट त्याच्या खिशात. शेडमध्ये कुणीतरी म्हणालं, "आज अर्धाच फुग्या आलाय." सगळे हसले, तोही उजव्या बाजूने हसला.

मोठ्या बर्नरसमोर तो बसला आणि नळी ओठात धरली. खरं सांगते, त्याला काम करताना मी बाहेरून कधी बघितलंच नव्हतं. बारा वर्षं मी आतून फक्त दाब सोसला होता. काच मऊ झाली, मधासारखी ओघळायला लागली, आणि ओघळायच्या आत त्याने ती फिरवली. एक वेढा. छोटी फुंकर. दुसरा वेढा. छोटी फुंकर. आतली पोकळी कुठे चिमटायला नको म्हणून प्रत्येक वेढ्याला अगदी मोजून हवा. चौदा वेढे, चौदाही जुळे. मालकीणबाई बीकरमधून चहा पितात, त्यांचा चहा हातात निवला.

बाराव्या वेढ्याला त्याच्या तोंडात काहीतरी सैल झालं. खारट चव आली. तो थांबला नाही. हातातली काच थांबत नाही, म्हणून कारागीरही थांबत नाही. काम संपल्यावर त्याने नळी काढली. तोंड रक्ताने भरलं होतं. कागदावर लिहिलं होतं, थुंकू नये. त्याने ते मुकाट्याने गिळलं. त्यातच ती गुठळीही गेली.

"छान," मालकीणबाई म्हणाल्या. "अशा अजून दोन."

शनिवारी सकाळी त्याच्या कानात कुणीतरी स्क्रू पिळत होतं. चहाचा घोट घेतला आणि कप ठेवून तो भिंतीला डोकं लावून उभा राहिला. तरी कामावर गेला. नळी तोंडात धरली, पहिली फुंकर मारली. हवा माझ्या रिकाम्या खोलीत शिरली आणि उघड्या हाडाला लागली. त्याचा हात हलला. किती, तर नखाएवढा. तिसऱ्या वेढ्यावर गुंडाळी बसली, चपटी झाली आणि टेबलावर पडून तडकली. त्याने दुसरी काच घेतली. तीही तशीच. तिसऱ्यांदा त्याला तोंडच उघडता आलं नाही.

जावयाने दोन दिवसांत तीन नळ्या केल्या. तिन्ही एकाच बाजूला झुकलेल्या. मालकीणबाईंनी त्या शेजारी शेजारी ठेवल्या, मान तिरकी करून बघितल्या.

"सारख्या तर आहेत," त्या म्हणाल्या.

काका त्यांच्या खुर्चीवरून उठले, खुर्ची फडक्याने पुसली आणि बाजूला झाले. जावई तिच्या टोकावर बसला, जसा माणूस दवाखान्यात बसतो.

दुपारी डॉक्टरबाईंनी फुग्याच्या तोंडात बघितलं. "गुठळी गेलीय. हाड उघडं पडलंय. स्ट्रॉ वापरलीत?"

"नाही."

"सिगारेट?"

"नाही."

"थुंकलात?"

"गिळलं," फुग्या म्हणाला. "फक्त कामावर फुंकलं."

"खिडक्यांच्या कामात काय फुंकता तुम्ही?"

"खिडक्या नाही. नळ्या करतो. काच फुंकून."

बाईंनी हातातलं अवजार खाली ठेवलं. "तोंडाने?"

"दुसरं काय आहे?"

त्या म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतं, तर मी तीन आठवडे तुम्हाला फुंकर घालून दिवासुद्धा विझवू दिला नसता." मग त्यांनी खड्डा धुतला, औषधाची पट्टी आत भरली. पट्टीला लवंगेचा वास होता. दुखणं तासाभरात उतरलं. रोज येऊन पट्टी बदलायची, असं पाच दिवस चाललं. मग ती खोली हळूहळू स्वतःच भरत गेली. कागदावर त्या आता पेनने एक ओळ वाढवून देतात, असं ऐकते.

पाचव्या दिवशी जावई भेटायला आला. केळी घेऊन आला, मऊ म्हणून. डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. "मला ती खुर्ची नको होती," तो म्हणाला. "त्या ज्योतीची मला भीती वाटते."

"माहीत आहे," फुग्या म्हणाला.

काहीतरी बोलायचं म्हणून जावयाने फ्रिजवरचा कागद वाचला. "सासऱ्यांचं पण असंच झालं होतं," तो म्हणाला. "दाढ काढली तेव्हा. तीन आठवडे नळीला हात लावला नाही. आमच्या पोराच्या वाढदिवसाला मेणबत्ती फुंकायला सांगितली, तर म्हणाले, नाही, हाड उघडं पडतं. हाताने विझवली."

ताईने मशीन थांबवलं.

"कधी?" फुग्याने विचारलं.

"चार वर्षं झाली. कारखान्यात कंबर सांगितली होती."

फुग्याने एक केळं सोललं. अर्धं खाल्लं. उरलेलं अर्धं सालात परत नीट गुंडाळून ताटलीत ठेवलं, जणू उद्या कुणाला तरी द्यायचं होतं.

महिन्याने काकांचा निरोप समारंभ झाला. मालकीणबाईंनी घड्याळ दिलं. बाकीच्यांनी मिळून कमरेला लावायचा पट्टा दिला. फुग्या एक आठवडा आधीच कामावर रुजू झाला होता, आपल्या जुन्या लहान बर्नरवर. मोठ्या बर्नरच्या गुंडाळ्या जावई त्याच्याकडे आणून द्यायचा, तो करून द्यायचा, आणि नाव मोठ्या खुर्चीचं लागायचं. त्याने पुन्हा फुंकायला लागल्यावर स्वतःसाठी म्हणून एकच वस्तू केली होती. ती मी.

त्याने मला डबीतून काढलं आणि काचेच्या नळीत ठेवलं. एक बाजू तापवून ओढली, बंद केली, दुसरीतून फुंकून फुंकून माझ्याभोवती गोळा केला आणि मग तीही बंद केली. मी जराशी भाजले, एका बाजूने तपकिरी झाले. पण गोळा असा झाला, की त्याला आत-बाहेर नाही, तोंड नाही, कुठे जोड दिसत नाही. त्याने तो काकांच्या हातात ठेवला.

काकांनी गोळा उजेडात धरला. माझ्याकडे बघितलं. मग फुग्याकडे बघितलं. त्यांची जीभ त्या खालच्या उजव्या कोपऱ्यात गेली.

"पोटातूनच फुंकलं, काका," फुग्या म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, आता तुम्हाला उपदेश करायची माझी वेळ आहे. दात दोनदा घासा. दाढ आडवी येत असली तर बारा वर्षं थांबू नका. डॉक्टरांनी काम विचारलं, की कामाचं पूर्ण सांगा, फुंकता की उचलता की ओरडता ते. आणि तुमच्यावर जीव टाकणारं कुणी तुम्हाला एखादी गोष्ट विचारेल आणि तुम्हाला तिचं उत्तर माहीत असेल, तर ते द्या. एवढंच. माझ्यासारख्या निकामी दाढेलाही हे कळतं.

आता मी काकांच्या घरी खिडकीतल्या फळीवर असते. काकू म्हणतात, "असलं काहीतरी घरात कशाला, फेकून द्या." काका फेकत नाहीत. ते कारागीर आहेत, एवढी सफाईची वस्तू त्यांच्या हातून फुटत नाही. रोज चहा झाला की ते मला उचलतात, चष्मा लावतात आणि मला गोल गोल फिरवत जोड शोधतात. चाळीस वर्षांच्या अनुभवात त्यांना न सापडलेला हा पहिला जोड आहे.

परवा ते हळूच म्हणाले, "कुठे जोडलं असेल गं त्याने?"

मला माहीत आहे. मी तिथेच होते.

पण मी काकांकडे बघितलं, आणि गप्प बसले.